त्रिनिदादचे ताबूत आणि आपल्या तालमी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या दिवशी एका शेजाऱ्यांनी मला रस्त्यातच गाठले आणि विचारले, "अहो, त्रिनिदाद म्हणजे ते क्रिकेटचे ना? तिथल्या सणावारांशी आपल्याला काय करायचे आहे?" प्रश्न रास्त होता. त्रिनिदाद हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते क्रिकेटमुळेच. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच कसोटीत हरवले ते तिथल्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात, आणि सुनील गावसकरांचा तो पहिला कसोटी सामना. रेडिओवर मिळेल तेवढे ऐकत आपल्यापैकी पुष्कळांनी त्या दिवसांत रात्री जागवल्या असतील. त्या क्वीन्स पार्क मैदानाच्या पश्चिमेला, जवळच, सेंट जेम्स नावाची वस्ती आहे. तिथल्या रस्त्यांना दिल्ली आणि लखनौ अशी नावे आहेत. दरवर्षी मोहरमच्या नवव्या-दहाव्या रात्री या रस्त्यांवर ताशे वाजतात. ताशे हा शब्द मी आपल्या सोयीसाठी वापरलेला नाही. त्रिनिदादचे लोक त्या वाद्याला 'तासा'च म्हणतात.

हा ताशा तिथे कसा पोचला, त्याच्यामागे चालणाऱ्या माणसांवर १८८४ साली गोळ्या का चालल्या, आणि त्या हकिकतीतून आपल्या गावच्या मोहरमकडे कसे पाहता येते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. विषय दूरचा आहे, पण मी फिरून फिरून आपल्या पेठांतच येणार आहे.

प्रथम त्या बेटाविषयी थोडे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत असलेले हे बेट आकाराने आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही लहान आहे. स्पॅनिशांकडून ते इंग्रजांकडे आले. उसाची लागवड, साखरेचे कारखाने, आणि कामाला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, असा तिथला कारभार होता. १८३४ ते १८३८ या काळात गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना मजुरांची वाण पडू लागली. मग हिंदुस्थानातून करारावर माणसे आणण्याची तोड निघाली. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेले 'फतेल रझाक' हे जहाज दोनशेहून अधिक माणसे घेऊन त्रिनिदादच्या बंदरात लागले. तिथून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. करार पाच वर्षांचा असे. परवान्याचा कागद जवळ असल्याखेरीज मळ्याची हद्द ओलांडावयाची नाही, ओलांडली तर तुरुंग, असा कायदा होता. गुलामगिरी नाव बदलून आली असे कोणी म्हटले तर त्याच्याशी वाद घालण्याची मला इच्छा नाही.

ही माणसे आपल्या मुलखातली नव्हेत. आपल्याकडचे कोकणी आणि देशावरचे लोक गेले ते मॉरिशसला, आणि तिथे त्यांची पोरेबाळे आजही गणपती बसवतात. त्रिनिदादला गेले ते मुख्यतः बिहार आणि संयुक्त प्रांतातले भोजपुरी बोलणारे लोक, आणि थोडे मद्रासकडचे. त्यांत हिंदू फार, मुसलमान थोडे. असे असताना या लोकांचा बेटावरचा सर्वांत मोठा सार्वजनिक सण कोणता ठरला, तर मोहरम! तिकडे त्याला 'होसे' म्हणतात. 'हुसेन' या नावाचाच तो अपभ्रंश.

बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटेल, कोल्हापूरकराला वाटू नये. तरी मला सुचतात ती कारणे सांगतो. होळी, दिवाळी हे सण अंगणातले आणि चुलीपाशी साजरे होणारे. मोहरम हा रस्त्यावरचा सण. त्याला देऊळ लागत नाही, मशीदही लागत नाही. बांबू, कागद, खळ, ढोल आणि खांदे एवढ्यावर तो उभा राहतो. शिवाय मजूर ज्या गावांतून आले तिथे ताजियाखालून मूल काढणे, नवस बोलणे, सरबत वाटणे हे हिंदू घरांतही चालतच असे. एकाच जहाजातून आलेल्या माणसांत तिकडे जातगोत मागे पडून 'जहाजी भाई' असे नवेच नाते जुळले होते. त्या नात्याला वर्षातून एकदा दिसावयाला एखादी जागा हवी होती. ती होसेने दिली.

करबलाची हकिकत आपणा सर्वांस ठाऊक आहे. हिजरी ६१ साली, म्हणजे इसवी सन ६८० च्या ऑक्टोबरात, पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आपल्या मूठभर सोबत्यांसह फुरात नदीच्या जवळ पाण्यावाचून कोंडले गेले आणि मोहरमच्या दहाव्या दिवशी मारले गेले. सत्तेपुढे मान न लववता मेलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. उसाच्या मळ्यातल्या मजुराला ती समजावून सांगण्यासाठी मौलवी लागला नसेल.

त्रिनिदादचा होसे आजही कसा होतो ते पाहा. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या ताजिया बांधतात. तिकडे त्यास 'ताजा' म्हणतात. आडोशाच्या आवारात, व्रत पाळून, रंगीत कागदाचे घुमट आणि मिनार चढवत अनेक आठवडे काम चालते. पहिली मोठी रात्र निशाणांची. दुसरी लहान ताजियांची. तिसऱ्या रात्री मोठे ताजिये निघतात. त्यांच्याबरोबर दोन चंद्र असतात, एक हिरवा, एक लाल. हिरवा हसनचा, लाल हुसेनचा. हे चंद्र भलतेच जड. एकेक माणूस ते खांद्यावर घेऊन ताशाच्या ठेक्यावर गरगर फिरतो, थकला की दुसरा खांदा देतो, आणि ठरलेल्या जागी दोन्ही चंद्र एकमेकांजवळ येऊन टेकतात. भावाभावांची भेट होते. लोक त्या क्षणासाठी तासन्‌तास उभे असतात. अखेर ताजियांची समुद्राकडे बोळवण होते. चामडे तापवून ताणण्यासाठी रस्त्याकडेला जाळ केलेला असतो, आणि ढोल-ताशाच्या पथकात हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे, सगळे असतात. पूर्वीही असत.

आता आपल्याकडच्या खत्तलरात्रीची आठवण करा. चंद्र दिसला की कुदळ मारावयाची, खाई खणावयाची, पंजे बसवावयाचे, आणि खत्तलरात्रीला पंजांच्या भेटी. भेट हाच शब्द. एका पेठेचा पंजा दुसऱ्या पेठेच्या पंजास भेटतो, माथे टेकते, गर्दीतून आरोळी उठते. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले कडेगाव तर ताबुतांच्या भेटीसाठीच प्रसिद्ध आहे. तिथे गगनाला भिडणारे ताबूत आधी कळस आणि मग पाया अशा उलट्या क्रमाने रचतात, वरचा मजला उचलून खाली नवा सारतात, आणि त्यांचे मानकरी हिंदूही आहेत, मुसलमानही आहेत. कडेगाव आणि सेंट जेम्स यांचा एकमेकांशी कधी पत्रव्यवहार झालेला नाही. तरी भेटीचा तो क्षण दोन्हीकडे आहे.

आरोळीवरून एक गंमत सांगतो. 'या हसन, या हुसेन' ही मोहरमातली हाक इंग्रज सोल्जरांच्या कानांनी ऐकली आणि तिचे 'हॉब्सन-जॉब्सन' केले. पुढे १८८६ साली हिंदी-इंग्रजी मिश्र शब्दांचा जो प्रसिद्ध कोश निघाला, त्याला हेच नाव दिले. त्रिनिदादने त्याच हाकेचे होसे केले. आणि आपण? 'पोरांनी नुसता हैदोस घातलाय' असे आपली आई म्हणते, तो हैदोसही मोहरमातल्या 'हाय दोस्त' या आरोळीतून आला असे कोशकार सांगतात. शोकाचा आक्रोश तीन भाषांत शिरला आणि तिन्हीकडे त्याचा नुसता गोंगाट झाला. असो.

आता १८८४ कडे वळतो.

त्या वर्षी साखरेचे भाव कोसळले होते. युरोपात बीटच्या साखरेचा सुळसुळाट झाला होता आणि उसाच्या मळेवाल्यांचे धाबे दणाणले होते. त्यांनी मजुरांच्या अंगावर काम वाढवले. मळ्यामळ्यांतून संप होऊ लागले. त्या सुमारास बेटावरची तिसऱ्या हिश्शाची वस्ती हिंदी होती. सरकार आधीच बिथरलेले होते, कारण मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांचा कार्निव्हल हा सणही त्यांना नकोसा झाला होता. कार्निव्हलच्या रात्री मशाली आणि काठ्या घेऊन जी मिरवणूक निघे, तीवरून १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलीस कप्तान बेकर यांच्या शिपायांशी लोकांची मोठी चकमक झाली. त्यानंतर मशाली गेल्या, ढोलांवर बंधने आली. आधी एकाचा सण आवळला, मग दुसऱ्याचा. कार्निव्हल आवळला तेव्हा हिंदी मजुरांना ते आपले दुखणे वाटले असेल का, हा विचार माझ्या मनात येतो.

होसेविषयी हुकूम निघाला तो असा: ताजियांच्या मिरवणुकांनी शहरांत शिरावयाचे नाही, मोठ्या रस्त्यावर यावयाचे नाही. मळ्याच्या हद्दीत काय नाचावयाचे ते नाचा. वरवर पाहता हुकूम सौम्य वाटतो. सण बंद केलेला नाही, फक्त रस्ता बंद केला आहे. पण ज्या माणसाला वर्षाचे बाकीचे दिवस परवान्याशिवाय हद्द ओलांडता येत नाही, त्याच्या दृष्टीने सण म्हणजे तो रस्ताच होता. वर्षातून एकदा सगळ्या मळ्यांचे लोक आपापले ताजिये घेऊन सॅन फर्नांदो शहरातून समुद्रावर जात. कोणत्या मळ्याचा ताजिया पुढे, कोणाचा मागे, याचा मान ठरलेला असे, आणि मानावरून काठ्याही चालत. मानावरून काठ्या चालणे म्हणजे काय हे करवीरकरांना समजावून सांगण्याचे कारण नाही.

हुकुमाविरुद्ध मजुरांनी रीतसर अर्ज केला. हा अर्ज करणाऱ्यांत पुढे कोण होते? फिलिपीन नावाच्या मळ्यावरचा सुखू नावाचा एक हिंदू! अर्ज फेटाळला गेला. गव्हर्नर त्या वेळी बेटावर नव्हते, त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने बंदोबस्त वाढवला. मजुरांचा मात्र समज असा होता की सरकार धर्माच्या कामात हात घालणार नाही, हा राणीचा शब्द आहे.

३० ऑक्टोबर १८८४. मोहरमचा दहावा दिवस. आपल्या पंचांगाने शके १८०६ चा कार्तिक शुद्ध पक्ष. दुपारी ताजिये शहराच्या दिशेने निघाले. सॅन फर्नांदोच्या वेशीवर दोन ठिकाणी, एक मों रेपो आणि दुसरे सिपेरो रस्त्यावरचा टोलनाका, पोलीस उभे होते. मॅजिस्ट्रेट आर्थर चाइल्ड यांनी जमाव पांगवण्याचा कायदा वाचून दाखवला. तो इंग्रजीत होता आणि समोर ताशे वाजत होते. मग गोळीबार झाला. दोन्ही नाक्यांवर झाला. किमान १६ माणसे मेली, कोणी ही संख्या २२ सांगतात. जखमी शंभरावर होते. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते. ताजिये रस्त्यातच टाकून लोक उसात पळाले.

चौकशी नेमली गेली. चौकशी करणारे सर हेन्री नॉर्मन त्या वेळी जमेकाचे गव्हर्नर होते, आणि तरुणपणी १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजी फौजेत होते. त्यांनी अधिकाऱ्यांना बहुतांशी दोषमुक्त केले. या सगळ्या प्रकरणात सरकारपक्षाचा जो एक युक्तिवाद होता, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिरवणुकीत बहुसंख्य हिंदू आहेत, आणि हिंदूंचा तर हा धर्मच नव्हे. पुष्कळ सुशिक्षित मुसलमानही म्हणतात की ताजिया, ढोल, नाच हे इस्लामात बसत नाही. तेव्हा हा धार्मिक सण नव्हेच, आणि त्यावर बंधन घातले तर कोणाच्याही धर्मात हात घातला असे होत नाही. तर्कशास्त्रदृष्ट्या यात खोट काढणे कठीण आहे. हिंदूला सांगावयाचे, हा तुझा नव्हे. मुसलमानाला सांगावयाचे, हाही तुझा नव्हे. म्हणजे मग तो कोणाचाच उरत नाही, आणि जो कोणाचाच नाही तो मोडावयाला सोपा.

खरे म्हणजे सरकारला भीती वाटत होती ती मजूर एकत्र चालतात याची. धर्मग्रंथ काय म्हणतो हा प्रश्न नंतर सुचला.

सॅन फर्नांदोचा होसे त्यानंतर खचला. पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या सेंट जेम्समध्ये आणि दक्षिणेकडच्या सेद्रोस या किनाऱ्यावरच्या गावांत तो टिकला, आजही आहे. त्रिनिदादमध्ये दिवाळीला सरकारी सुट्टी असते, ईदला असते, ३० मे या आगमनदिनाला असते. होसेला नसते. ज्या सणासाठी माणसे मेली तो सुट्टीच्या यादीत नाही, आणि तरी रात्रीच्या रात्री रस्ते भरतात.

ही झाली तिकडची हकिकत. आता त्याच १८८४ सालच्या कोल्हापुरात या. आधल्या डिसेंबरात चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला मृत्यू पावले होते. मार्चमध्ये कागलकर घाटग्यांचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला होता, तोच पुढे शाहू छत्रपती झाला. संस्थानावर इंग्रजी देखरेख होती. पण इथला मोहरम त्या देखरेखीखाली चिरडला गेला नाही. तो कोणाच्या खांद्यावर टिकला, याचा पुरावा शोधावयाला दप्तरखान्यात जाण्याची गरज नाही. गावातून एक फेरफटका मारावा आणि तालमींच्या पाट्या वाचाव्यात. बाराइमाम तालीम. काळाइमाम तालीम. अवचितपीर तालीम. बाबूजमाल तालीम. लाल मातीत घुमणारी पोरे बहुतेक मराठ्यांची आणि बहुजन समाजाची, आणि तालमीचे नाव बारा इमामांचे!

'बारा इमाम' या शब्दाशी थोडे थांबावयास हवे. बारा इमाम मानणे हे शिया पंथाचे लक्षण. आपल्याकडचे मुसलमान बहुतांशी सुन्नी. मग हे नाव आले कुठून? विजापूरच्या आदिलशाहीतून. युसूफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या आरंभी शिया पंथ राज्याचा म्हणून जाहीर केला. पुढे एका सुलतानाने तो सोडला, १५५८ साली गादीवर आलेल्या अली आदिलशहाने पुन्हा धरला. पन्हाळा १६५९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी घेतला तोपर्यंत हा सगळा मुलूख विजापूरच्या अमलाखाली होता. राज्य गेले, पंथ गेला, पण इमामांची नावे पंजांवर राहिली आणि पंजावरून तालमीवर आली. बादशहाचा धर्म गावाने घेतला नाही, सण तेवढा घेतला, आणि तो आपल्या पद्धतीने पेठेच्या मानापानात बसवला.

मला वाटते, आपल्या मोहरमचा घटक धर्म नव्हता, तालीम होती. पेठेचा पंजा म्हणजे पेठेची इभ्रत. त्याला खांदा देणारा कोण हे पाहण्याऐवजी तो कोणत्या तालमीचा हे पाहिले जाई. त्रिनिदादला जे मळ्याचे, तेच इथे तालमीचे.

बाबूजमाल तालमीचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांपुढचे आहे. शेजारी दर्गा, दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणेशाची मूर्ती. मोहरमात तिथे 'नाल्या हैदर' हा पंजा बसतो, भाद्रपदात गणपती बसतो. चांद्रमासाच्या गणिताने मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो, आणि साधारण तेहतीस वर्षांनी तो भाद्रपदाला गाठतो. मग लागोपाठ दोन-तीन वर्षे दोन्ही सण एकदम येतात. मोहरमचा चंद्र दिसल्यावर दोन दिवसांच्या आत-बाहेर गणेशचतुर्थी. १९८५ पासून तीन वर्षे हा योग होता, आणि २०१८, २०१९ व २०२० मध्ये पुन्हा आला. अशा वर्षी एकाच मांडवात एका बाजूला गणपती आणि एका बाजूला पंजा बसलेला कोल्हापूरने पाहिला आहे. २०२० साली करोनामुळे दोघांचीही मिरवणूक निघाली नाही.

एक घरगुती आठवण सांगतो, क्षमा असावी. मी लहानपणी फार आजारी असे. माझ्या आजीने पिराला नवस बोलला आणि सलग पाच वर्षे मोहरमात मला फकीर केले. गळ्यात लाल-हिरवा नाडा, हातात झोळी, आणि पाच घरी जाऊन मागावयाचे. आजी वारकरी, एकादशी चुकवणार नाही. खत्तलरात्रीला गुळाचे चोंगे आमच्या घरी होत आणि त्यांवर उठवायचा लाकडी ठसा माळ्यावर डब्यात जपून ठेवलेला असे. पुढे मी कॉलेजात जाऊन चार पुस्तके वाचली आणि मोठ्या कौतुकाने तिला म्हणालो, "आजी, तू हिंदू-मुस्लिम ऐक्याचे काम केलेस." ती म्हणाली, "मी कशाला काय करू? पिराचं देणं होतं." मला त्या वेळी तिच्या अडाणीपणाचे हसू आले होते. आता येत नाही.

इतिहास सांगणाऱ्याने सोयीचे तेवढेच सांगू नये. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगा झाला. त्यानंतर लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला, आणि १८९४ पासून पुण्यात हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली. ताबुतांपुढे नाचणारे मेळे गणपतीपुढे नाचू लागले. मुंबईत पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी १९१२ साली मोहरमच्या टोळ्यांवर आणि मिरवणुकांवर असे नियम घातले की तो प्रचंड सण दोन-चार वर्षांत ओसरला. पुण्यात लोकांनी सण सोडला, मुंबईत सरकारने सोडवला. कोल्हापुरातही सार्वजनिक गणपती आले आणि थाटाने आले. पण इथे तालमींनी गणपती बसवताना पंजा उठवला नाही. याचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढले, त्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले, आणि ते बोर्डिंग जिथे उभे आहे त्या दसरा चौकातच छत्रपतींचे सोने लुटण्याचे सीमोल्लंघन होते, या गोष्टीचा परिणाम झालाच असला पाहिजे. तरीपण राजा काही प्रत्येक गल्लीत खाई खणावयाला येत नव्हता.

आजची स्थिती काय? पंजे बसतात, भेटी होतात, पंचगंगेवर विसर्जन होते. पण दोन आवाज वाढले आहेत, आणि ते आपण सर्वांनी ऐकले आहेत. एक म्हणतो, हे आपल्या धर्माचे नव्हे, तालमीत पीर कशाला? दुसरा, पलीकडून, म्हणतो, पंजा, नाडा, नवस हे सगळे धर्मबाह्य आहे, सोडून द्या. हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक. पण १८८४ च्या त्रिनिदाद सरकारचा युक्तिवाद दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला आहे. ७ जून २०२३ रोजी याच शहरात, मोबाइलवरच्या काही मजकुरावरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढल्याच महिन्यात मोहरम होता. त्या वर्षी मी मुद्दाम खत्तलरात्रीला बाहेर पडलो. गर्दी होती. ताशा होता. एका तालमीच्या पंजाला मोरचेल धरणारा पोरगा कपाळाला गंध लावून आला होता. बंदोबस्तावर असलेल्या हवालदारांनी चप्पल काढली, ऊद घेतला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले. मी परत फिरलो तेव्हा एक जुने वस्ताद म्हणाले, "पोरं कमी झालीत खांदा द्यायला. ताबूत उचलायला माणूस लागतंय, फोटो काढायला नाही."

सेंट जेम्सचे लोकही आज हीच तक्रार करतात, असे त्यांच्याविषयी वाचताना आढळते. चंद्र उचलणारे खांदे जुने होत चालले आहेत, आणि ताजिया बांधण्याचा खर्च एकेका घराण्याला झेपत नाही. त्यांच्याकडे १८८४ ची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. आपल्याकडे गोळीबार झाला नाही, म्हणून गोष्टही लिहिली गेली नाही. कोणत्या तालमीचा कोणता पंजा, मानाचा क्रम काय, भेट कोणाची कोणाशी, कुदळ कोण मारतो, याची साधी यादी वस्तादांच्या डोक्यात आहे. ती कोणी वहीत उतरवून घेईल तर बरे. व्याख्यानमालेच्या तरुण कार्यकर्त्यांना हे काम एका उन्हाळ्यात होण्यासारखे आहे.

चांद्र गणिताने मोहरम आणि गणेशोत्सव पुन्हा एकत्र येण्याचा योग आता २०५१ च्या सुमारास आहे. आज तालमीत दहा-बारा वर्षांची जी पोरे दंड-बैठका मारीत आहेत, ती त्या वेळी चाळिशीच्या आत-बाहेर असतील, आणि मांडवात काय काय बसवायचे हे त्यांना ठरवायचे आहे.